धानाच्या ढोलीतली व्हिस्की

चंद्रपूरकडे जाते आहे म्हटल्यावर नाशिकच्या आमच्या सोसायटीत तिघांनी मला वाघाबद्दल विचारलं. ताडोब्याचं बुकिंग झालं का, कोणत्या गेटचं मिळालं, दुर्बीण घेतली का. मी म्हटलं, मी व्हिस्कीची एक बाटली बघायला चालले आहे. एकसष्ट वर्षांच्या बाईनं असं काही सांगितलं की लोक हसतात आणि विषय बदलतात. पण ते खरंच होतं. माझी सगळी नोकरी दारू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. पिंपांतून काढलेले नमुने हुंगायचे, जिभेवर घोळवायचे, थुंकायचे आणि वहीत शेरा लिहायचा, हे माझं काम. एवढ्या वर्षांत पोटात गेली असेल ती वाटीभर. त्या नोकरीनं मला पेन्शन दिलं आणि एक खोडही दिली. वाईट चहाला चांगलं म्हणणं मला जमत नाही. माझी थोरली बहीण कुसुमताई म्हणते, "तुला जेवायला बोलवायचं म्हणजे परीक्षेला बसायचं."

या वेळी बोलावणं तिच्या नवऱ्याचं होतं. वामनभाऊजी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावी धानाची शेती बघत राहिले. फोनवर त्यांचा आवाज थोडा जड येत होता. "सुनंदाबाई, ते साहेबाची बाटली हाय ना, ते आता खोलाची हाय. तू येजो. मले त्यातलं काई समजत नाई."

बुधवार, बल्लारपूर

स्टेशनावर ताई एकटीच आली होती. बल्लारपूरला उतरलं की कारखान्याचा वास येतो, उकडलेल्या कोबीसारखा. तिथल्या लोकांना तो जाणवतही नाही. मी नाक मुरडलं तशी ताई नेहमीसारखी हसली नाही. बाहेरच्या टपरीवर तिनं दोन चहा सांगितले आणि गाडीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

भाऊजींच्या जिभेच्या कडेला एक जखम होती. चाळीस वर्षं खर्रा खाल्ला, सुपारी आणि तंबाखू घोटून केलेला, ज्याच्याशिवाय या भागात दोन माणसांच्या गप्पा सुरू होत नाहीत. तपासणीत जे निघू नये तेच निघालं होतं. सोमवारी नागपूरला भरती, मंगळवारी ऑपरेशन.

"त्यांना वाटतं, जखम तेवढी काढतील," ताई म्हणाली. "डॉक्टरनं मला आन् पोराला बाजूला घेऊन सांगितलं, जिभेचा मोठा भाग जाईल. चव गेल्यातच जमा. बोलणंही समजेल की नाई, सांगता येत नाई. पोरगा म्हणतो, बाबांना सांगायचं नाई. ऐकलं तर ऑपरेशनला येणारच नाईत. तू पण नको सांगू. तुझ्या पाया पडते."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं इथे राहून तिच्या बोलण्यात इथला 'नाई' पक्का बसला आहे. मी हो म्हटलं. चहा पाणचट होता आणि मी तोही मुकाट्यानं संपवला.

गुरुवार, गोंडपिपरीच्या अलीकडे

सकाळी भाऊजी मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांच्या धानाची ढोली आहे, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची. बाटली तिच्यात होती.

बाटलीची गोष्ट मी लग्नकार्यात दहादा ऐकली होती. कारखान्यात नवीन मशीन बसलं तेव्हा स्कॉटलंडहून एक इंजिनिअर आला. कागद सारखा तुटत होता, मीटर सगळे बरोबर दाखवत होते आणि साहेबाचं डोकं चालेना. भाऊजींनी चालत्या रोलचा एक कपटा फाडला, कानाशी नेऊन वाजवला आणि सांगितलं, एका बाजूनं ओल आहे. उघडून बघितलं तर तेच निघालं. जाताना साहेबानं आपल्या देशातली पंचवीस वर्षांची व्हिस्की त्यांच्या हातात ठेवली. ताईच्या घरात दारू चालत नव्हती. त्यामुळे ती आधी देवघराच्या वरच्या फळीवर गेली, कागदात गुंडाळून. मग जिल्ह्यात दारूबंदी आली आणि घरात बाटली सापडली तर काय, या भीतीनं भाऊजींनी ती ढोलीत लपवली.

"उभी ठेवली असती तं धान काढताना मापाची पायली लागली असती तिले," ते म्हणाले. "म्हनून झोपवली. एकदम बुडाशी."

इथे ढोली कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाला थोडं धान राहू द्यायचं आणि त्यावर नवीन ओतायचं, ही रीत आहे. त्यामुळे बंदीची सगळी वर्षं आणि ती उठल्यानंतरचीही काही वर्षं बाटली तशीच आडवी पडून होती. भाऊजींनी खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपली आणि बाहेर काढली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. फडकं सोडताना त्यांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला होता.

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. दारू मानेपर्यंत असायला हवी होती, ती खांद्याच्याही बरीच खाली गेली होती. द्राक्षाची वाइन आडवी ठेवतात, तिथे बूच भिजलेलं चांगलं. व्हिस्की उभी ठेवायची असते. इतकी कडक दारू वर्षानुवर्षं बुचाला लागून राहिली की बूच कुजतं, झिरपू लागतं आणि कडू चव आत सोडतं. बुचाभोवतीच्या पत्र्यावर चिकट डाग होता आणि त्याला धानाचं फोल चिकटलं होतं.

"किंमत काय होईन हिची?" भाऊजींनी विचारलं.

"बंद आणि भरलेली असती तर परदेशात लिलावात हिच्यासाठी लोक भांडले असते. आता हौशी माणूस हात लावणार नाही."

"विकाची कोनाले हाय? मी असंच इचारलं." मग त्यांनी मनात हिशेब केला. "पंचवीसची देली होती साहेबानं. तीस इथी झाले. म्हंजे आता पंचावन्न वर्षाची झाली का नाई?"

या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीत कितीतरी जणांना दिलं होतं, हसत हसत. व्हिस्कीचं वय लाकडात वाढतं. पिंपातून काढून काचेत भरली की तिथेच थांबतं. मग ती शंभर वर्षं ठेवा, पंचवीसचीच राहते. हे भाऊजींना सांगताना मला वाईट वाटलं. तीस वर्षं त्यांनी तिला मोठी होऊ दिली होती.

"असं काय?" ते एवढंच म्हणाले. "मंग फालतूच थांबलो."

ठरलं की शनिवारी दुपारी उघडायची. नागपूरच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, पाणी घालून चमचाभर चालेल, पण झोंबेल. ऑपरेशनशिवाय आशा नाही, हेही त्यांनी सांगितलं. तोवर भाऊजींना ती हुंगायची कशी, हे मला शिकवायचं होतं. मी वासांच्या छोट्या बाटल्यांची पेटी नेली होती, आम्ही नवीन मुलांना शिकवायला वापरतो तशी. या व्हिस्कीचं सगळं मोल शेरीच्या पिंपात आहे. शेरी ही स्पेनमधली द्राक्षाची दारू. ती मुरलेल्या ओकच्या लाकडात व्हिस्की ठेवली की मनुका, अंजीर, जुनं लाकूड यांचा वास तिच्यात उतरतो. मी अंजिराची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

"दवाखान्याचा वास येते," भाऊजी म्हणाले.

मनुकेची दिली. "हेबी दवाखाना."

रागच आला मला, त्यांचा नाही, पेटीचा. स्पिरिटमध्ये घातलेला अर्क तो. जो वास माणसानं घरात, रानात कधी घेतलाच नाही, तो बाटलीतून कसा शिकवणार? ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "उद्या नदीपलीकडच्या जैनाबाईकडे जायचंय मोहफुलं आणायला. चल माझ्यासोबत. तिथले वास घे."

दुपारी लाखोरीच्या डाळीचे वडे आणि भात होता, वरून तेलाची फोडणी. वडे मी पाच खाल्ले आणि चांगले झाले म्हणून सांगितलं. ताईनं परीक्षेत पास झाल्यासारखं माझ्याकडे बघितलं. भाऊजींसाठी तिनं भात मऊ करून वेगळा काढला होता. ते एका गालानं हळूहळू खात होते, आणि मी माझ्या ताटात बघत राहिले.

शुक्रवार, नदीपलीकडे

वैनगंगेच्या पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी अजून आहे. आमची काळी-पिवळी जीप नाक्यावर थांबली. पोलिसानं पिशव्या बघितल्या आणि माझ्या पिशवीतून वासांची पेटी निघाली. सवयीनं खांद्याला लावून आणली होती. त्यानं एक बाटली उघडून हुंगली आणि त्याला दोन शिंका आल्या.

"हे काय हाय, बाई?"

"अंजीर."

"दारू हाय का नाई त्यात?"

होती. अर्क दारूतच असतो. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. ताई खिडकीबाहेर बघत होती, मी तिची कोणी नसल्यासारखी. पोलीस भला माणूस होता. त्यानं पेटी टेबलावर ठेवून घेतली आणि परत जाताना न्या म्हणून सांगितलं. जन्मभर दारूच्या कारखान्यात काम करून मी पकडली गेले ती अंजिरासाठी.

फाट्यावर उतरून दीड-दोन किलोमीटर पायी जायचं होतं. मार्चअखेरचं सागाचं जंगल जवळजवळ उघडं असतं. पानांचा चुरा पायाखाली एवढा वाजतो की बोलायला आवाज चढवावा लागतो. मोहाची झाडं मात्र लांबून कळतात, आधी नाकाला. जैनाबाईच्या अंगणात चटयांवर मोहफुलं पसरली होती, आजची पांढरट, कालची पिवळी, त्याआधीची तांबूस, आणि अगदी कोपऱ्यातली काळसर तपकिरी. मी जागीच उभी राहिले. त्या कोपऱ्यातून जो वास येत होता तो मी हजारो पेल्यांमधून घेतला होता. मनुका, खारीक, थोडा गूळ, थोडं आंबट. मी त्याला तीस वर्षं परदेशी नावं देत होते.

जैनाबाई साठीची असेल. "जोहार," म्हणाली आणि आम्हाला पाणी दिलं. पहाटे वाघाच्या भीतीनं बाया घोळक्यानं, डबे वाजवत फुलं वेचायला जातात, ऊन चढायच्या आत परत येतात, असं तिनं सांगितलं. मग तिचं काम सुरू झालं. मूठभर फुलं घ्यायची, आवळायची, सोडायची. मोकळी झाली तर ठीक, चिकटून राहिली तर परत उन्हात. एक फूल दगडावर टाकून ती आवाज ऐकायची, एक मोडून हुंगायची. मी डोळे मिटून तिच्या हातातली दोन फुलं हुंगली आणि म्हटलं, "हे जुनं आहे, हे त्याच्या मागाहूनचं."

"हे चार रोजाचं, हे तीन रोजाचं," ती म्हणाली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तू काय काम करते?"

"दारू चाखायची नोकरी होती. घोट घ्यायचा, थुंकायचा, चांगली की वाईट ते सांगायचं."

"थुकाची?" ती एवढी हसली की शेजारची बाई बघायला आली. "मंग पगार कायचा देत होते?"

आम्हाला तिनं मोहाचे लाडू दिले, तीळ घालून कुटलेले. गोड, किंचित तुरट, दाताला चिकटणारे. आम्ही खात असताना गावातलीच एक म्हातारी आपली टोपली दाखवायला घेऊन आली. जैनाबाईनं एक मूठ घेतली आणि सरळ सांगितलं, ओलं आहे, अजून भरू नको. म्हातारी कुरकुरत गेली. मी म्हटलं, तिला वाईट वाटलं असेल.

"वाटू दे ना. दोन रोज अजून वाळवन ते. मी चांगलं हाय म्हनलं असतं तं घरी नेऊन भरून ठेवलं असतं तिनं, आन् पावसात सगळंच बुरशीत गेलं असतं." तिनं पुढची मूठ उचलली. "आता सांगतलं म्हनून तिच्यापाशी दोन रोज तं हाय."

ताई एकदम उठली आणि फुलं बांधून दे म्हणाली. फाट्यावर गाडीची वाट बघताना मी म्हटलं, "ताई, भाऊजींपाशीही चार दिवस आहेत."

"नाई," ती म्हणाली. "तुझं काय जातं? तू दोन दिवसांनी नाशिकला जाशील." ती रडत होती. नाक्यावरून पेटी घेतली. पोलिसानं विचारलं, अंजीर मिळाले का.

शनिवार, ओसरीवर

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी भाऊजींची शिकवणी झाली. या खेपेला मोहफुलं, सागाचा भुसा, चिंच, जुना गूळ आणि ओलं गोणपाट होतं. डोळ्यांवर पंचा बांधून ते एकेक ओळखायचे. एकही चुकलं नाही. कागदाची ओल कानानं ओळखणारा माणूस तो.

दुपारी जेवणं झाल्यावर मी पत्रा सोडला. बूच स्क्रू लावताच भुगा होऊन निम्मं आत पडलं. चहाच्या गाळणीवर धुतलेलं मलमल ठेवून मी दारू गाळली. ताई दारातच उभी राहिली. काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली आणि मी नाक आत घातलं.

आधी ओलं गोणपाट आलं. मग बुचाची कडवट घाण, मग धानाच्या कोंड्याचा वास. दारूचा जोर उडून गेला होता. फार खाली, विहिरीत डोकावल्यावर दिसावं तसं, मनुका आणि जुनं लाकूड होतं. साहेबानं दिली त्या दिवशी ही फार मोठी व्हिस्की असणार. मी एक घोट घेतला. शेवटी जिभेवर फक्त कडू उरलं. प्रयोगशाळेत मी एकच शब्द लिहिला असता, बाद.

पेला मी भाऊजींना दिला. त्यांनी बराच वेळ हुंगलं. "मोह हाय. चार रोजाचा. लय खाली." पुन्हा हुंगलं. "वरती बारदाना हाय." मग त्यांनी पेला गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सांग आता. कशी हाय?"

दारातून ताई माझ्याकडे बघत होती. फार चांगली आहे, असं म्हणणं किती सोपं होतं. तीस वर्षं सांभाळलेली वस्तू, तीन दिवसांनी ऑपरेशन, कोणाचं काय जाणार होतं? माझ्या ओठांवर आलंच होतं ते.

"खराब झाली आहे, भाऊजी," मी म्हटलं. "खूप चांगली होती. आडवी ठेवल्यानं गेली."

"माह्याच हातानं."

"हो. तुम्हाला माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. पेल्यात चमचाभर पाणी घातलं, थोडीशी दारू बऱ्या बाजूनं तोंडात घेतली आणि डोळे घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला.

"मी मशीनवर होतो तवा," ते म्हणाले, "अख्खा रोल रिजेक्ट कराचो. मॅनेजर यायचा, वामनराव, चालून जाईन ना. मी म्हनाचो, नाई चालत. घरचे सगळे म्हनतेत, छोटंसं ऑपरेशन हाय. पोरगा म्हनते, डॉक्टर म्हनते, कुसुम म्हनते. सगळ्याइचा आवाज मले ओला लागून राह्यला." त्यांनी पेला खाली ठेवला. "तू खराबले चांगलं नाई म्हनत, म्हनून तुले बोलावलं. बाटली त काय, बाटली. आता हे सांग, माही जीभ किती कापनार हायेत?"

मी ताईकडे बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. ती नाही म्हणाली नाही.

"बरीचशी," मी म्हटलं. "चव जाईल. बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. लोकांना समजेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण त्याशिवाय जगण्याची आशा नाही, हेही ते म्हणाले."

भाऊजी अंगणाकडे बघत बसले. मग त्यांनी खिशात हात घातला, खर्ऱ्याची पुडी शोधावी तसा, आणि तो रिकामाच बाहेर काढला.

"जाईन मी," ते म्हणाले. "न जाऊन काय करतो?" मग त्यांनी ओसरीवर शेजारची जागा हातानं झाडली. "कुसुम, इकडं ये. बस इथी. मंगळवारपावतर मले गजब बोलाचं हाय तुह्यासंग."

ताई येऊन बसली. मी पेला, बाटली, गाळणी उचलली आणि आत निघून गेले.